परसातल्या गोगलगायी: मीठ बाजूला ठेवा, बॅटरी घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की आचऱ्याला घरामागच्या परसात तुम्ही भेंडी, तवशी (काकडी), माठ आणि गोंडा लावला होता. चतुर्थीला घरची भाजी आणि घरचीच फुलं हवीत म्हणून. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि आठ दिवसांत भेंडीच्या ओळीत नुसत्या काड्या उरल्या. कुणी सांगितलं म्हणून वाफ्यात मीठ मारलंत, तर गोगलगायी तशाच राहिल्या आणि उरलासुरला माठ करपला. घरात कुत्रा आहे, सहा वर्षांची नात आहे, त्यामुळे विष घालायचा धीर होत नाही. आता काय करू, असं विचारलंय.

मी वेंगुर्ले तालुक्यात गेली बावीस वर्षं भाजीच्या आणि फुलांच्या रोपांची नर्सरी चालवते. गोगलगायीनं माझं जितकं नुकसान केलंय तितकं माकडांनीही केलेलं नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. पण मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जमिनीवर टाकायची कुठलीही पावडर या पावसात दोन दिवस टिकत नाही. कोरड्या मुलखातल्या माणसांचे उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. इथे चालतात तुमचे हात, रात्रीची बॅटरी आणि वेळेवर शोधलेली अंडी. बाकी सगळं त्याच्या मदतीला.

सुरुवातीला खात्री करून घ्या की खाणारी गोगलगायच आहे. पावसाच्या सुरुवातीला रोपं तीन-चार जणं खातात. रोप बुडाशी कापून आडवं पडलेलं असेल आणि खाल्लेलं फारसं नसेल, तर ते काम बहुधा रातकिड्याचं किंवा जमिनीतल्या अळीचं. परसाजवळून वहाळ जात असेल तर कुर्ल्याही (खेकडे) कोवळी रोपं तोडतात. गोगलगायीनं खाल्लेल्या पानाला वेड्यावाकड्या आकाराची मोठी भोकं पडतात, कडा गुळगुळीत असतात, आणि शेजारी पानावर किंवा दगडावर वाळलेल्या लाळेची चकचकीत रेघ दिसते. जोराच्या पावसात ही रेघ धुऊन जाते, म्हणून सकाळी ती दिसली नाही तर निश्चिंत होऊ नका. रात्री नऊ-साडेनऊला, सर थांबल्यावर, बॅटरी घेऊन वाफ्यात जा. दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

तुम्हाला बहुधा दोन प्रकार दिसतील. एक मोठ्या शंखाची, तपकिरी, शंखावर उभे गडद पट्टे असलेली, लांबट टोकदार. हिला आफ्रिकन गोगलगाय म्हणतात आणि शास्त्रीय नाव अचाटिना फुलिका. ही आपली नव्हेच. मूळ पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकानं मॉरिशसहून या जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि तिथल्या एका बागेत सोडल्या, तिथून ती भारतभर पसरली. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची शेतंच्या शेतं संपवली, ती बातमी तुम्ही वाचली असेल.

दुसरी बिनशंखाची. शेतीची माणसं हिला शेंबी म्हणतात. आपल्या परसात जी जास्त सापडते ती काळपट, चपटी, चामड्यासारख्या पाठीची असते आणि पाठीवर मधोमध एक फिकट रेघ असते. ती दिवसा मातीत, कुंडीखाली, ओल्या फळकुटाखाली लपते. शंख नसल्यामुळे ती बोटभर फटीतही शिरते, म्हणून सापडायला कठीण. रोपवाटिकेत मला हिचा त्रास मोठ्या गोगलगायीपेक्षा जास्त होतो.

या दोघींच्या तोंडात किसणीसारखी एक पट्टी असते, तिच्यावर हजारो बारीक दात. ती पान चावत नाही, किसते. हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते भाजीच्या वाफ्यात नव्हे, मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, भिंतीवर. शिंपल्यांचा चुना काढलेली भिंत होती. रात्री पाऊस थांबल्यावर कंदील घेऊन गेले तर भिंतीवर अकरा मोठ्या गोगलगायी चिकटलेल्या. कान जवळ नेला तेव्हा वाळूच्या कागदानं लाकूड घासावं तसा अगदी बारीक आवाज येत होता. सकाळी त्या जागी चुन्यावर नागमोडी ओरखडे होते, रांगोळीत बोट फिरवल्यासारखे. शंख वाढवायला त्यांना कॅल्शियम लागतं, आणि आपल्या जांभ्याच्या आंबट मातीत ते कमी. म्हणून त्या भिंती चाटतात. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या घराचा चुना काढलेला जोता किंवा तुळशीवृंदावन हीच त्यांना पकडायची सगळ्यात सोपी जागा आहे.

आता त्यांच्या वाढीचा वेग समजून घ्या, कारण सगळं वेळापत्रक त्यावरच बसतं. प्रत्येक मोठी गोगलगाय नरही असते आणि मादीही. एकदा जुळणी झाली की ती बीज महिनोन्महिने अंगात साठवून ठेवू शकते. म्हणजे तुमच्या परसात एकटी एकच आली तरी ती अंडी घालू शकते. एका खेपेला शंभर ते चारशे. १९६६ साली अमेरिकेत मायामीमध्ये एका मुलानं हवाईहून तीन गोगलगायी आणल्या आणि त्याच्या आजीनं त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत त्या अठरा हजारांवर गेल्या, आणि त्या निपटायला दहा वर्षं आणि दहा लाख डॉलर लागले. पण निपटल्या, हेही सांगायला हवं. वेचून वेचून आणि आमिषं लावून त्यांनी त्या संपवल्या.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आग्रह रात्रीच्या फेरीचा. पाऊस लागल्यापासून पहिले तीन आठवडे रोज, त्यानंतर एक दिवसाआड. मोठ्या सरीत त्या फार हलत नाहीत. सर ओसरली आणि सगळं निथळतंय, तेव्हा बाहेर पडतात. रात्री आठ ते दहा ही चांगली वेळ, आणि पहाटे उजाडण्याआधीही. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातून रिटायर झालेला लांब चिमटा, आणि बादलीत मिठाचं दाट पाणी. पाच लिटर पाण्याला किलोभर जाडं मीठ. मिठाची खरी जागा ही, बादली. वाफा नव्हे. हातमोजे घाला किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. उघड्या हातानं उचलू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

पहिल्या रात्री शंभर सापडल्या तर घाबरू नका, आणि चौथ्या रात्री दहाच सापडल्या म्हणून थांबूही नका. माझ्या वहीत दर वर्षीचे आकडे आहेत. ते सरळ उतरत जात नाहीत. सुरुवातीला भराभर उतरतात, मग पंधरा-अठरा दिवसांनी एकदम बारीक बारीक पिल्लं दिसू लागतात. ती नव्यानं फुटलेली अंडी. तुमच्या कष्टाचं काही चुकलेलं नसतं, फक्त अंडी राहिलेली असतात. आणि ही पिल्लंच जास्त नासाडी करतात. मोठी गोगलगाय कुजलेला पालापाचोळाही खाते, पिल्लांना मात्र कोवळं हिरवंच हवं असतं. भेंडीचं दोन पानांचं रोप पाच-सहा पिल्लं एका रात्रीत संपवतात.

तेव्हा अंडी. ती शोधायला शिका, एकदा नजर बसली की सोपं आहे. आफ्रिकन गोगलगायीची अंडी भिजवलेल्या साबुदाण्यापेक्षा किंचित मोठी, पिवळट पांढरी, कडक कवचाची, पुंजक्यानं असतात. वाफ्याच्या कडेला, कुंडीच्या बुडाशी, शेणखताच्या ढिगाच्या काठाला, केळीच्या बुंध्याशी, दोन-तीन इंच खोल भुसभुशीत मातीत. माझ्या रोपवाटिकेत ती सगळ्यात जास्त कुठे सापडतात सांगू? नारळाच्या सोडणांच्या, म्हणजे सोललेल्या सालींच्या, ढिगाखाली. पाणी धरून ठेवणारी, सावलीची, माणसाचा हात न लागणारी जागा. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, या जागा खुरप्यानं हलक्या हातानं उकरा. पुंजका सापडला की ओंजळीनं मातीसकट उचलून त्याच मीठपाण्याच्या बादलीत. साधारण आठ ते सतरा दिवसांत अंडी फुटतात, म्हणून आठवड्याचा खंड पडू द्यायचा नाही. एक पुंजका काढलात की दोनशे गोगलगायींची फेरी वाचली.

आता आमिषं. रात्री बाहेर पडणं तुम्हाला रोज जमणार नसेल, तर त्यांनाच एका जागी बोलवा. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला संध्याकाळी अंथरा, खाली पपईची पानं किंवा कोबीचे बाहेरचे पाले टाका. सकाळी सातच्या आत गोणपाट उलटा करा, खाली जमलेल्या वेचा. उशीर केलात आणि ऊन पडलं तर त्या पुन्हा पांगतात. आपल्याकडे याहूनही सोपी गोष्ट आहे, केळीचं सोपट. घड उतरवलेल्या केळीचा बुंधा फूटभर लांबीचा कापून उभा चिरा आणि चिरलेली बाजू मातीला लावून ठेवा. शेंब्या त्याखाली हमखास जमतात. नारळाची सोडणं पालथी घालून ठेवली तरी चालतात. पण ठेवलीत तर रोज बघायची. न बघितलेला सापळा म्हणजे गोगलगायींना बांधून दिलेलं घर. मी ही चूक एका वर्षी केली, लग्नाला आठ दिवस बाहेर होते, परत आले तर सोपटाखाली पिल्लांचा नुसता बुजबुजाट.

वेचलेल्यांचं काय करायचं हेही महत्त्वाचं. गडग्यापलीकडे, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापलीकडे, फेकू नका. शेजाऱ्याच्या परसात टाकणं तर वाईटच, शिवाय त्यांना आपली लपायची जागा वासानं सापडते आणि त्या परत येतात. मीठपाण्यात रात्रभर राहू द्या. सकाळी विहिरीपासून लांब, दीड फूट खोल खड्ड्यात टाका, वर चुना भुरभुरून माती ओढा. बादलीतलं खारं पाणी परसात ओतू नका. मेलेल्यांचे रिकामे शंख इकडेतिकडे राहू देऊ नका, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि डासांच्या अळ्या होतात. शंख ठेचून पुरले की ते पाणी साठायचं राहत नाही, आणि मातीला चुना मिळतो.

मिठाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. मीठ गोगलगायीला मारतं, खरं आहे, तिच्या अंगातलं पाणी शोषून घेतं. पण पावसात ते विरघळून थेट भाजीच्या मुळाशी जातं आणि तेच पाणी शोषायचं काम तिथेही करतं. माठ करपला तो म्हणूनच. माडाच्या बुंध्याला मीठ घालायची आपली जुनी रीत आहे, त्यावरून लोकांना वाटतं मीठ मातीला चालतं. माड खारं पाणी सोसणारं झाड आहे. माठ, भेंडी, गोंडा ते सोसत नाहीत. तुमच्या वाफ्याला आता पावसाचं पाणी भरपूर मिळू द्या, निचऱ्याची चरी मोकळी ठेवा. एवढ्या पावसात मीठ धुऊन जाईल, तीन-चार आठवड्यांनी तिथे पुन्हा लावा.

चुना आणि राख कोरड्या दिवसांत उपयोगी पडतात. वाफ्याभोवती चार इंच रुंदीचा कोरड्या चुन्याचा पट्टा त्या ओलांडत नाहीत. पण एक जोराची सर आली की काम संपलं. उलट हवेत राहून मुरलेला चुना म्हणजे साधी खडूची भुकटी, आणि ती त्यांना शंखासाठी हवीच असते. पागोळीच्या आत, पडवीत कुंड्या असतील तर त्यांच्याभोवती चुना किंवा चुलीची राख जरूर घाला. उघड्या परसात आषाढात पैसे वाया घालवू नका. अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा, तांब्याची पट्टी यांबद्दलही रोज कुणीतरी विचारतं. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं टरफलं, जाड रेती, तांब्याची पट्टी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या असे अडथळे कोशिंबिरीच्या पानांवर तपासून पाहिले आणि २०१८ साली निष्कर्ष जाहीर केला, की काहीही न केलेल्या रोपांइतकंच नुकसान या रोपांचंही झालं. माझाही अनुभव तोच. टरफलं खत म्हणून घाला, राखण म्हणून नको.

तांब्याचा एक उपयोग मात्र मला पटलेला आहे, तो झाडांच्या बुंध्यावर. पपई, सुपारी, केळी यांच्या खोडावर गोगलगायी चढून बसतात, पपईची तर सालही खातात. कोळेरोगासाठी सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतात ते तुम्हाला माहीत असेलच. त्याचीच पेस्ट करून पपई आणि सुपारीच्या बुंध्याला जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत पट्टा लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे बागायतदाराचं प्रमाण. तुम्हाला शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर पुरे. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात कालवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. तयार पेस्टमध्ये लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस रंग चढला तर थोडा चुना आणखी घाला. पाऊस लागण्याआधी, खोड कोरडं असताना लावली तर ती बराच काळ टिकते. पालेभाजीला मात्र लावायची नाही, आणि विहिरीत, वहाळात धुवायची नाही, माशांना ती घातक आहे.

आता विषाचं. दुकानात गोगलगायीच्या ज्या गोळ्या मिळतात त्यात बहुधा मेटाल्डिहाइड असतं, अडीच टक्क्यांचं. मोठ्या शेतीवर, प्रादुर्भाव हाताबाहेर गेला असताना, त्याची शिफारस होते आणि ते काम करतं. पण तुमच्या घरासाठी माझं उत्तर स्पष्ट नको असं आहे. त्या गोळ्या कोंड्यात बनवलेल्या असतात आणि कुत्र्याला त्या खाऊसारख्या वाटतात. बारा वर्षांपूर्वी मी त्या रोपांच्या ट्रेखाली टाकल्या होत्या. आमचा मोती तेव्हा दीड वर्षाचा होता. दुपारी लाळ गळायला लागली, मग पाय थरथरायला लागले, तासाभरात आचके. डॉक्टर यायला वेळ लागला, आणि या विषावर नेमका उतारा असं औषध नाही, लक्षणं सांभाळत राहावं लागतं. मोती गेला. चूक माझी होती, पाकिटावर लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या आवारात ते पाकीट आलेलं नाही. ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बागेत आणि शेतात त्याचा वापर बंदच केला आहे, पाखरं आणि जनावरं मरतात म्हणून.

कीटकनाशकंही वापरू नका. गोगलगाय किडा नव्हे, ती शिंपल्याच्या जातीतली, तिसऱ्या-कालवांची नातेवाईक. किड्यांसाठीची बहुतेक औषधं तिला लागू पडत नाहीत, तुमच्या भाजीत मात्र उतरतात. कोंड्यात उंदराचं औषध कालवून ठेवणारेही मी पाहिलेत. कृपा करून नको, घरात नात आहे.

अगदीच गरज पडली तर आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे लोहाच्या गोळ्या मिळवा. त्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणं सोडते, लपून बसते आणि तीन ते सहा दिवसांत मरते. त्यामुळे मेलेल्या समोर दिसत नाहीत आणि लोकांना वाटतं उपयोग झाला नाही. कुत्र्या-मांजरांना त्यांचा धोका पुष्कळच कमी, तरी पाकीट हाती लागेल असं ठेवू नका. संध्याकाळी, उघडीप असताना, विरळ फेकायच्या. ढीग घालायचा नाही. चौरस मीटरला चमचाभर खूप झाल्या.

खरं सांगायचं तर रोपं वाचवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ती लहान असताना गोगलगायींच्या तोंडी न देणं. पावसाळ्यात थेट वाफ्यात बी टाकायचं मी सोडून दिलंय. भेंडी, तवशी, पडवळ, दोडकं, सगळं पडवीत, ट्रेमध्ये किंवा करवंटीत. करवंटीला खाली भोक पाडलं की झाली कुंडी. ट्रे टेबलावर, टेबलाचे पाय मीठपाण्याच्या वाट्यांत. पडवीत पाऊस येत नाही म्हणून हे पाणी टिकतं. रोप चार-पाच पानांवर आलं, खोड जरा निबर झालं, की मग वाफ्यात. लावताना पाण्याच्या बाटलीचा बूड आणि गळा कापून उरलेलं नळकांडं रोपाभोवती दोन इंच मातीत रोवा. मोठ्या गोगलगायी यावरही चढू शकतात, पण पिल्लं आणि शेंब्या बऱ्याच अडतात, आणि तुम्हाला रात्री नेमकं कुठे बघायचं ते कळतं. वेल एकदा मांडवावर गेला की भीती संपली.

वाफे उंच करा, वीतभर तरी. रोपांमध्ये अंतर ठेवा म्हणजे वारा खेळतो आणि माती लवकर निथळते. पातेऱ्याचं, म्हणजे गळलेल्या पाल्याचं, आच्छादन मी उन्हाळ्यात मनापासून करते, पण जून-जुलैत कोवळ्या रोपांच्या बुडाशी नाही, फूटभर लांब ठेवते. ऑक्टोबरनंतर वायंगणी भाजीला पाणी द्याल ते सकाळी द्या. संध्याकाळी शिंपलेलं परसू म्हणजे त्यांच्यासाठी रात्रभराचा ओला रस्ता. गोंडा त्यांना फार आवडतो, म्हणून चार-सहा रोपं मी मुद्दाम वाफ्याच्या कडेला लावते आणि फेरीची सुरुवात तिथूनच करते. हळद, आलं, गवती चहा यांना त्या माझ्याकडे क्वचितच तोंड लावतात.

उघड्या हातानं का उचलायच्या नाहीत ते आता सांगते. उंदरांच्या फुप्फुसात एक कृमी असतो. उंदराच्या लेंड्यांतून तो गोगलगायीत येतो आणि तिच्यातून चुकून माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. केरळात असे रुग्ण सापडले आहेत, त्यांत मुलंही. घाबरायचं कारण नाही, पण सवयी हव्यात. नातीला गोगलगायींशी खेळू देऊ नका. फेरीनंतर साबणानं हात धुवा. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, माठ, अळू, एकेक पान उलटंसुलटं करून वाहत्या पाण्याखाली धुवा. कोथिंबिरीच्या जुडीत तांदळाएवढी शेंबी सहज लपते. नुसतं मीठपाण्यात बुडवून ठेवल्यानं भागत नाही, चोळून धुणं आणि शिजवणं यावर भरवसा ठेवा. पावसाळ्यात घरच्या पाल्याची कच्ची कोशिंबीर मी करत नाही. आणि या गोगलगायी खायच्याही नाहीत.

एक विनंती आहे. दिसेल तो शंख मारू नका. सह्याद्रीच्या पायथ्याला, आपल्या सड्यांवर आणि गडग्यांवर आपल्या स्वतःच्या कितीतरी गोगलगायी आहेत. काही चपट्या गोल शंखाच्या, काहींचा शंख डावीकडे वळलेला, काहींना शंखाच्या तोंडावर झाकण. त्यांतल्या पुष्कळशा शेवाळ, बुरशी, कुजका पाला खातात आणि तुमच्या भेंडीकडे ढुंकून बघत नाहीत. बॅटरीच्या उजेडात ती प्रत्यक्ष पान खाताना दिसली तरच उचला.

आणि गोगलगायी खाणाऱ्यांना जपा. भारद्वाज, आपला कुकुडकोंबा, गडग्याच्या कडेनं हुंदडत त्या वेचतो. बेडूक पिल्लं खातात. मे अखेरीला झाडं लखलखवणारे काजवे तुम्ही पाहता, त्यांच्या अळ्या जमिनीवर राहतात आणि गोगलगायी, शेंब्या हेच त्यांचं मुख्य अन्न. परसात रात्रभर मोठा दिवा जळत ठेवला, तणनाशक मारलं, पातेरा सगळा जाळला, की काजवे जातात. गोगलगायी राहतात. बदकं पाळलीत तर लहान गोगलगायी आणि शेंब्या फस्त करतात, पण माठही खातात, म्हणून वाफ्याला जाळी हवी. बाहेरून गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडायचा प्रयोग ताहिती आणि मोरेआ बेटांवर १९७० च्या दशकात झाला. आफ्रिकन गोगलगाय राहिली ती राहिलीच, तिथल्या मूळच्या नाजूक शंखांच्या बहुतेक जाती मात्र रानातून संपल्या.

पुढच्या वर्षासाठी मेमध्ये दोन दिवस काढा. उन्हाळ्यात या मरत नाहीत, शंखाच्या तोंडाला पांढरा पापुद्रा लावून झोपतात. गडग्याच्या चिऱ्यांच्या फटीत, लाकडांच्या रचलेल्या ढिगाखाली, न्हाणीच्या पाण्यावरच्या अळवात, जुन्या कौलांच्या थप्पीत. रोहिणीच्या आधी हे सगळं एकदा हलवा. तेव्हा त्या पळत नाहीत, खात नाहीत, अंडीही घातलेली नसतात. मेमध्ये वेचलेली एक म्हणजे जुलैमधल्या शंभर. बाहेरून आलेलं शेणखत, माती, कलमांच्या पिशव्या, चिऱ्यांचा ट्रक, हे सगळं आत घेण्यापूर्वी बघा. माझ्याकडे पहिली आफ्रिकन गोगलगाय जास्वंदीच्या पिशवीच्या बुडाला चिकटून आली होती. आता नवीन आलेलं प्रत्येक रोप दोन आठवडे वेगळं ठेवते.

राहिला चतुर्थीचा प्रश्न. अजून वेळ आहे. आजच पडवीत भेंडी आणि गोंड्याचं बी करवंट्यांत टाका. वाफ्यात आजपासूनच रात्रीची फेरी आणि केळीची सोपटं सुरू करा, म्हणजे रोपं तयार होईपर्यंत तीन आठवडे मोकळी साफसफाई होते. भेंडी पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत धरते, गोंड्याला दोन महिने धरा. माठ सगळ्यात शेवटी टाका, तो महिन्यात काढणीला येतो, आणि त्या मीठ मारलेल्या वाफ्यात नको, शेजारच्या जागेत टाका. पहिल्या आठ रात्री किती सापडल्या तो आकडा लिहून ठेवा आणि मला कळवा. त्यावरून पुढे काय करायचं ते सांगते.